मत्स्योदरीचा डोंगर

जालना शहराच्या दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर अंबड हे तालुक्याचे गाव आहे. गावाला लागून एक ठेंगणा, लांबट डोंगर आहे आणि त्यावर मत्स्योदरी देवीचे मंदिर. मासा आडवा पडावा तसा हा डोंगर दिसतो, म्हणून देवी मत्स्योदरी, असे गावात सांगतात. तुळजापूर, माहूर, अंबाजोगाई या मराठवाड्यातील देवीच्या बड्या ठाण्यांपुढे अंबडचे नाव मागे पडते. नवरात्रात मात्र जालना जिल्ह्यातली वाट याच डोंगराकडे वळते.

या डोंगरावर दोन हकिगती एकमेकींवर चढलेल्या आहेत. एक राज्याला कंटाळून गुहेत येऊन बसलेल्या राजाची. तिला सन नाही, शिलालेख नाही. दुसरी राज्यकारभार सांभाळता सांभाळता देवळे उभी करणाऱ्या होळकर घराण्याची; तिला सनदा आणि तहनामे यांचा आधार आहे. मंदिराचा परिचय करून घ्यायचा तर दोन्ही हकिगती शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. जीर्णोद्धार करणाऱ्याला आधीचे काहीतरी सापडावे लागते, आणि ते ‘आधीचे’ पुष्कळदा दगडापेक्षा कथेतच अधिक टिकलेले असते.

डोंगरापासूनच सुरुवात करायला हवी, कारण बाकी सारे त्याच्या अंगावर उभे आहे. दख्खनच्या पठाराचा हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तयार झाला. थर सगळे सारखे नाहीत. काही घट्ट, पाथरवटाच्या छिन्नीलाही सहज दाद न देणारे. काही भुसभुशीत, हाताने उकरता येतील असे. पावसाने मुरूम वाहून जातो, कठीण थर कड्यासारखा राहतो, आणि माथा सपाट, उतार पायऱ्यापायऱ्यांचा अशा ठेवणीचे डोंगर मागे उरतात. कठीण थराच्या पोटाखालचा मऊ थर झिजला की आडोसा तयार होतो. तो थोडा खोदला की गुहा. अजिंठा आणि वेरूळ याच जातीच्या दगडात कोरलेली आहेत. अंबडच्या कथेतला राजा गुहेत येऊन राहिला, यात म्हणून भूगोलाच्या दृष्टीने काही नवल नाही. नवल आहे ते त्याने राज्य सोडले याचे.

कथा अशी. अंब नावाचा राजा, काहींच्या मते अंबऋषी, राज्य करून थकला. त्याने गादी सोडली आणि या डोंगराच्या कपारीत येऊन तप मांडले. पुढे गुहेवर देवीचे ठाणे झाले, भोवती वस्ती वाढली आणि वस्तीला राजाच्या नावावरून अंबड म्हणू लागले. औरंगाबाद जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरनेही हीच हकिगत नोंदवली आहे. कोणत्या वंशातला राजा, कुठली राजधानी, कोणते शतक, याविषयी कथा गप्प आहे. सांगणाऱ्याला तिथे अडायला होत नाही. विचारणारा मात्र शहरातून आलेला आहे हे ताबडतोब ओळखू येते.

अंबऋषी म्हणजे पुराणातला अंबरीष, हे समीकरण लोकांनी केव्हा जुळवले ते सांगण्याची गरज पडत नाही इतके ते रुळलेले आहे. भागवताच्या नवव्या स्कंधात अंबरीषाची कथा येते. एकादशीचे व्रत पाळणारा हा राजा द्वादशीला पारणे सोडणार तोच दुर्वास ऋषी पाहुणे म्हणून आले आणि स्नानाला गेले ते लवकर परतेनात. पारण्याची वेळ टळू नये म्हणून राजाने नुसते पाणी घेतले. दुर्वासांनी रागाने कृत्या सोडली, विष्णूचे सुदर्शन चक्र तिला जाळून ऋषींच्याच मागे लागले, आणि अखेर त्यांना राजाचीच मनधरणी करावी लागली. मराठी कीर्तनपरंपरेने या कथेला आणखी एक जोड दिली: अंबऋषीला मिळालेला जन्म घेण्याचा शाप विष्णूने स्वतःवर घेतला आणि त्यातून दहा अवतार झाले. त्या दहांतला पहिला मत्स्य. अंबऋषीचा डोंगर आणि माशाच्या पोटाची देवी यांची सांगड कीर्तनकाराला घालायची असेल तर सामान असे आयतेच पडलेले आहे.

अंबरीषावर हक्क सांगणारे अंबड एकटे नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचा भगवंत हाही अंबरीषाला वर देणारा देव म्हणून पुजला जातो. एकाच राजाने दोन ठिकाणी तप केले, की दोन गावांनी एकच राजा वाटून घेतला, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पुराणातली माणसे महाराष्ट्रात अशीच वस्तीला येतात. पांडवांनी एका रात्रीत बांधलेली देवळे मोजायला बसले तर पांडवांच्या वनवासाच्या रात्री पुरायच्या नाहीत.

‘मत्स्योदरी’ हे नाव काशीतही आहे. स्कंदपुराणाच्या काशीखंडात मत्स्योदरी तीर्थाचे माहात्म्य येते. पावसाळ्यात गंगेला मोठा पूर आला की तिचे पाणी वरणा नदीतून उलटे आत शिरे, शहराला चहूबाजूंनी वेढा पडे आणि वेढ्यातली भूमी माशाच्या आकाराची दिसे. हा योग फार पुण्यकारक मानला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने तिथल्या मत्स्योदरी तळ्याचे पाणी काढून टाकले आणि तळ्याच्या जागी पुढे बाग झाली. अंबडशी काशीचा दुसराही धागा आहे, तो होळकरांचा. त्याकडे पुढे यायचेच आहे.

मंदिरात महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती अशी तीन रूपे एकत्र पुजली जातात. हे त्रिकूट सप्तशतीतून, म्हणजेच देवीमाहात्म्यातून, येते. देवीमाहात्म्याच्या तेरा अध्यायांचे तीन चरित्रांत भाग पाडले आहेत: पहिला अध्याय महाकालीचा, दुसरा ते चौथा महालक्ष्मीचा, पाचव्यापासून तेराव्यापर्यंत महासरस्वतीचा. नवरात्रात घरोघरी आणि देवळात याच ग्रंथाचे पाठ चालतात. पाठ करणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात राहत नाही की या ग्रंथाची सुरुवात एका राज्य गमावलेल्या राजापासून होते. सुरथ राजा शत्रूंनी आणि अमात्यांनी लुबाडलेला, शिकारीचे निमित्त करून एकटाच रानात येतो. तिथे त्याला घरच्यांनी हाकललेला समाधी नावाचा वैश्य भेटतो. दोघे मेधा ऋषीकडे जातात, देवीची कथा ऐकतात, तीन वर्षे आराधना करतात. देवी प्रसन्न झाल्यावर वैश्य ज्ञान मागतो. राजा आपले राज्य परत मागतो, आणि देवी ते देते.

अंबडच्या डोंगरावर म्हणजे एकाच वेळी दोन राजांची गोष्ट नांदते आहे. एक राज्य टाकून वर आला. दुसरा ते परत मिळवण्यासाठी देवीपुढे बसला. देवीने दोघांनाही ठेवून घेतले आहे.

राज्य सोडणाऱ्या राजांच्या कथा सांगणे ही जालना जिल्ह्याची खोडच म्हणावी लागेल. भोकरदन तालुक्यातील राजूरला डोंगरावर राजुरेश्वर गणपती आहे. गणेशाच्या महाराष्ट्रातील साडेतीन पीठांमध्ये त्याची गणना होते आणि अंगारकी चतुर्थीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्याची कथा गणेशपुराणाच्या क्रीडाखंडात जाते. वरेण्य राजाच्या राणीजवळ ठेवलेले गजमुखी बाळ अपशकुनी समजून रानात टाकले गेले, पराशर ऋषींनी ते वाढवले, आणि मोठेपणी त्याने सिंदूरासुराचा वध केला. टाकलेला तो पुत्र म्हणजे गजानन होता हे कळल्यावर वरेण्याने उपदेश मागितला. तोच गणेशगीता म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तो राजूरला झाला असे क्षेत्रपरंपरा मानते. उपदेश ऐकून वरेण्यानेही राज्य सोडले आणि रानाची वाट धरली. पूर्वी अंबड तालुक्यात असलेले, आता घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांचा जन्म 1608 चा. बोहल्यावर मंगलाष्टकांतला ‘सावधान’ शब्द ऐकून पळालेला नवरदेव हा तर शाळकरी मुलांनाही पाठ आहे. पुराणातले राजे बाजूला ठेवले तरी सगळे सोडून निघणारा माणूस या भागाच्या आठवणीत पक्का बसलेला आहे.

राज्य सोडणारा राजपुत्र, डोंगरातली गुहा आणि त्यावर नंतर आलेले राजाश्रयाचे बांधकाम, हा क्रम भारताबाहेरही सापडतो. चीनच्या हुबेइ प्रांतातील वुदांग पर्वत हे ताओ पंथाचे मोठे क्षेत्र. तिथला मुख्य देव झेनवू हा मूळचा राजपुत्र. गादी नाकारून तो या पर्वतात आला आणि बेचाळीस वर्षे साधना करून देवपदाला पोहोचला, अशी कथा आहे. मध्येच धीर सुटून तो डोंगर उतरू लागला तेव्हा वाटेत एक म्हातारी लोखंडी मुसळ दगडावर घासताना दिसली. कशासाठी, तर सुई करायची म्हणून. राजपुत्र मागे वळला. 1412 पासून मिंग घराण्याच्या योंगले सम्राटाने वुदांगवर मोठे बांधकाम काढले. 1416 मध्ये माथ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे, सोन्याचा मुलामा दिलेले सुवर्णमंदिर उभे राहिले. 1994 मध्ये ही सारी वास्तुमालिका युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. तरी 2003 च्या जानेवारीत तिथले एक जुने लाकडी देवालय आगीत गेलेच. हे बांधकाम काढायला सम्राटाला कारण राजकीय होते: पुतण्याची गादी बळकावलेल्या योंगलेला आपल्यामागे झेनवू उभा आहे हे लोकांना दाखवायचे होते. ज्याने गादी नाकारली त्या देवाचे देऊळ ज्याने गादी हिसकावली त्याने बांधले.

अंबडच्या बांधकामामागचा हेतू इतका वाकडा नाही, पण राजसत्ता तिथेही आहेच. मात्र होळकरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट नमूद करायला हवी. जालना परिसराचा प्राचीन इतिहास कथांवरच सोडण्याइतका रिकामा नाही. भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरील दानलेखांत या गावच्या दात्यांचे उल्लेख आहेत. 1970 च्या दशकात तिथे उत्खनन झाले तेव्हा इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जुळणारा तुकडा मिळाला. गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, अंबडपासून फार लांब नाही. सातवाहन काळापासून माणसांचा आणि मालाचा राबता असलेल्या या पट्ट्यात एखाद्या ठळक डोंगरावर देवीचे ठाणे असणे स्वाभाविकच.

अठराव्या शतकात अंबड आणि वेरूळ ही ठिकाणे होळकरांच्या ताब्यात होती. नर्मदाकाठी महेश्वर आणि इंदूर येथे ठाण मांडलेल्या या घराण्याची मुळे दख्खनमध्येच होती आणि निजाम व पेशवे यांच्या मुलखांत त्यांची वतने विखुरलेली होती. 1734 मध्ये पेशव्यांनी मल्हारराव होळकरांची पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र जहागीर दिली. माळव्यातील महालांबरोबर दख्खनमधली काही गावेही तीत होती. हीच ‘खासगी’. दौलतीच्या खजिन्यापासून ती वेगळी राही आणि घराण्यातल्या मुख्य स्त्रीकडे तिचा कारभार असे. गौतमाबाईंनंतर ती त्यांच्या सून अहिल्याबाई यांच्याकडे आली. अहिल्याबाईंच्या नावावर असलेली देवळे, घाट, अन्नछत्रे, धर्मशाळा यांचा खर्च या खासगीतून होई, हे सांगणे आवश्यक आहे. नाहीतर एवढी दानशूरता रयतेच्या पैशावर केली असा समज सहज होतो.

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 रोजी चौंडी येथे झाला. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, 1766 मध्ये सासरे मल्हारराव गेले, 1767 मध्ये मुलगा मालेराव. जोगीण होऊन कुठल्या तरी डोंगरावर जाऊन बसायला याहून वेगळे कारण लागत नाही. त्यांनी 13 ऑगस्ट 1795 ला मृत्यू येईपर्यंत राज्य चालवले. काशीचे विश्वनाथ मंदिर, गयेचे विष्णुपद, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर ही त्यांच्या कामांतली सर्वांना माहीत असलेली नावे. मत्स्योदरीच्या मंदिराचा जीर्णोद्धार आणि डोंगरावर चढणाऱ्या पायऱ्यांचे काम अंबडची परंपरा त्यांच्याच नावावर सांगते. गावातले खंडोबाचे दगडी मंदिर आणि जुन्या बारवाही होळकरांच्या काळाशी जोडल्या जातात. जेजुरीचा खंडोबा होळकरांचे कुलदैवत असल्याने अंबडला त्याचे मंदिर असणे चुकणारच नव्हते.

डोंगरावर बांधायचे म्हणजे काय काय करावे लागत असेल, हे त्या काळच्या बांधकामाची रीत पाहिली की कळते. दगड जवळपासचाच, काळा, छिन्नीने घडवून सांध्याला सांधा भिडवलेला. चुना मात्र भाजून, विरवून, घाणीत मळावा लागे. जमिनीत गोल दगडी चर, त्यात उभे फिरणारे जड दगडी चाक, चाकाला जुंपलेला बैल, आणि चरात चुना, वाळू, विटांचा चुरा. मळताना गुळाचे, बेलफळाचे, हिरड्याचे पाणी घालीत. घाईने मळलेला चुना दोन पावसाळ्यांत सुटतो. नीट मळलेला दगडाबरोबर म्हातारा होतो. हे सगळे पाण्याशिवाय होत नाही, आणि डोंगरावर पाणी नसते. ते खालून पखालींनी आणि घागरींनी वर चढवावे लागे. होळकरांच्या कामांत देवळाच्या जोडीला बारव का दिसते, याचे अर्धे उत्तर भाविकांच्या तहानेत आहे आणि अर्धे चुन्याच्या घाणीत.

21 डिसेंबर 1817 ला महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि 6 जानेवारी 1818 रोजी मंदसौरचा तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख होळकरांना इंग्रजांकडे सोडावा लागला. अंबड आणि वेरूळ यांचा उल्लेख तहाच्या कलमातच आहे. पुढे हा भाग निजामाच्या राज्यात गेला. सरकार बदलले, भाषा फारसी-उर्दू झाली, पण देवीचा दिवा पेटत राहिला, तो इनाम जमिनी, पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क आणि गावाची वर्गणी यांवर. निजामी अमदानीत धार्मिक संस्थांचा व्यवहार पाहणारे स्वतंत्र खाते होते आणि हिंदू देवस्थानांच्या सनदाही त्याच्या दप्तरी असत. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. अंबड औरंगाबाद जिल्ह्यात होते. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते त्यात आले.

उत्सवांत मोठा तो शारदीय नवरात्राचा. घटस्थापनेपासून दिवस तारखेने न मोजता माळेने मोजतात: पहिली माळ, पाचवी माळ, सातवी माळ. पहाटे काकड्यालाच पायऱ्या भरतात. नवस फेडणाऱ्या बायका पायरीपायरीवर हळदकुंकवाचे बोट टेकवत वर जातात, त्यामुळे दुपारपर्यंत दगडाची कड लालपिवळी होते आणि पाय घसरतो. कोणी ओटीचा खण-नारळ घेऊन, कोणी परडी घेऊन जोगवा मागत. पायथ्याला रेवड्या, बांगड्या, पाळणे, आणि आता प्लॅस्टिकची खेळणी. तपाला एकांत हवा म्हणून राजाने निवडलेला हा डोंगर या नऊ दिवसांत जिल्ह्यातली सर्वात गजबजलेली जागा असतो.

जीर्णोद्धाराचा प्रश्न मात्र अठराव्या शतकात संपला नाही. डोंगरावरच्या देवळाला ऊन, वारा आणि पाऊस अधिक लागतो, आणि अलीकडच्या दुरुस्त्यांनी मराठवाड्यातल्या कितीतरी देवळांचे जे केले ते ऊनपावसालाही जमले नव्हते. घडीव दगडावर ऑइलपेंट चढवला की आतला ओलावा बाहेर पडायची वाट बंद होते आणि दगडाच्या खपल्या निघतात. चुन्याच्या सांध्यात सिमेंट भरले की सांधा दगडापेक्षा कडक होतो. ताण आला की सांधा टिकतो, दगडाची कड फुटते. फरशीवर ग्रॅनाइट बसवला की जुनी जमीन, तिच्यावरच्या दात्यांच्या कोरीव पादुका, नावे सारे गाडले जाते. हे करणाऱ्यांची श्रद्धा खोटी नसते. त्यांना देऊळ नवे दिसायला हवे असते, एवढेच. उलटी वाटही महाराष्ट्राने चोखाळली आहे. 2024 मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात नंतर बसवलेला संगमरवर, ग्रॅनाइट आणि रंग काढून मूळ दगड उघडा केला गेला, आणि त्या कामात फरशीखाली एक तळघर व जुन्या मूर्तीही हाती लागल्या.

राजूरला जुन्या स्थानावर अलीकडे भव्य नवे मंदिर उभे राहिले आहे. वाढत्या गर्दीला ते सोयीचे आहे आणि गावाला त्याचा अभिमान आहे. अंबडचे काम निराळ्या स्वभावाचे. तिथे होळकरकालीन पायऱ्या, बारवा आणि खंडोबाचे मंदिर ही एकाच काळाशी जोडलेली मालिका आहे, आणि त्यातला एक भाग दुरुस्त करताना दुसरा विसरून चालत नाही. मूर्तीला किंवा गाभाऱ्याला हात लावायचा तर शास्त्राने आधी कलाकर्षणाचा विधी सांगितला आहे: देवतेचे तेज कलशात घ्यायचे, काम पुरे होईपर्यंत तिथे पूजा चालवायची, मग ते परत मूर्तीत आणायचे. पायरीच्या दगडाला, बारवेच्या भिंतीला असा विधी नाही. त्यांच्यासाठी लागतो तो नीट मळलेला चुना, तो मळता येणारा गवंडी, आणि जुन्या सांध्याची मोजमापे आधी कागदावर उतरवून घेणारा माणूस.